कालव्याला पाणी सुटेपर्यंत

"आधी ती मशीन बंद करायला सांगा."

मागच्या सीटवरून आवाज आला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. बारामतीहून इंदापूरला निघालेली एसटी, खिडकीची जागा, आणि मी द्वारका आत्याशी फोनवर बोलत होते. बोलत कसली, ओरडतच होते. एसटीत दुसरा इलाज नसतो. पण म्हणून कुणीही मध्ये तोंड घालावं?

मी मान वळवली. पंचविशीचा एक मुलगा. निळ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मांडीवर जड पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारं काट्याचं एक मीटर. चेहरा असा शांत, जणू त्यानं मला फक्त किती वाजले ते सांगितलं होतं.

"तुमाला कुणी विचारलं?" मी म्हटलं.

"कुणीच न्हाय," तो म्हणाला. "पर नळीवर बरफ धरलाय म्हणालात... म्हणून बोललो."

आता मला राग आला की मी गप्प बसते, निदान तसं मला वाटतं. आत्याच्या मते मी गप्प बसले की जास्त आवाज होतो. मी खिडकीबाहेर बघू लागले. उसाचे फड मागे पळत होते आणि माझ्या पिशवीत शेवग्याच्या पाल्याचं एक पाकीट होतं. बारामतीच्या औषधवाल्यांनी आमचा दुसरा लॉट परत केला होता, त्यातला नमुना. पहिला लॉट पोपटासारखा हिरवा गेला होता. हा मात्र वाळलेल्या गवताच्या रंगाचा.

अंथुर्ण्यात आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे. कॉलेजात मी अन्नप्रक्रियेचं शिकले आणि नोकरी न करता त्या शेडमध्ये हीट पंपावर चालणारी वाळवणखोली उभी केली. आत ना जाळ, ना ऊन. खोलीतली दमट हवा मशीन जाळीतून ओढून घेते, थंड नळ्यांवर तिच्यातलं पाणी काढते, आणि तीच हवा गरम अन् कोरडी करून परत पाल्यावर सोडते. निघालेलं पाणी रबरी नळीतून बाहेर बादलीत पडतं. पाल्याच्या एका घाण्याला सहा तास आणि दोन बादल्या पाणी, हे आमचं गणित. ते पाणी आत्या रोज तुळशीला घालते.

दिवाळी झाली आणि हे गणित बिघडलं. तेच आत्या फोनवर सांगत होती, की सकाळपासून बादली अर्धीही भरली नाही, तुळशीला पाणी पुरेना, आणि नळीवर बर्फासारखं पांढरं साचलंय. मी तिला म्हणत होते, चालू दे, आत पाला आहे.

"किती तास लागतात आता?" मागून पुन्हा आवाज. अगदी हळू.

मी उत्तर देणार नव्हते. "नऊ," मी म्हटलं.

"आन् पाणी निम्मं. वेळ वाढला आन् पाणी घटलं, म्हंजी मशीन कवाधरनं सांगतीय. तुमीच ऐकत न्हाय."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. काटेवाडीला एसटी थांबली, तो उतरला आणि खिडकीखाली येऊन उभा राहिला. दुपारच्या उन्हात त्याचे डोळे बारीक झाले होते.

"घरी गेल्यावर कान लावून बघा. टकटक आवाज येत असंल, तर आतला पाला इसरा आन् बटन बंद करा. त्यो आवाज शेवटचा असतो. त्याच्याम्होरं मशीन काय बोलत न्हाय."

एसटी हलली. त्याचं नाव विचारायचं राहिलं... विचारायचं नव्हतंच म्हणा.

घरी पोचले तशी चप्पल न काढता शेडमध्ये गेले आणि मशीनच्या पत्र्याला कान लावला. टक... टक... टक. कुणीतरी आतून बोटानं दार वाजवावं तसं. मी बटण बंद केलं. आत अर्धवट सुकलेला पाला होता, तो सगळा गुरांपुढं गेला.

रात्री जेवताना आबांनी विषय काढला. आबा, म्हणजे माझे वडील आबासाहेब, आवाज चढवत नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की औषधवाल्यांनी तिसरा लॉट बघायचं कबूल केलंय, तर तिसरा करून बघ. तोही परत आला तर मशीनला गिऱ्हाईक शोधू, शेडमध्ये ट्रॅक्टर लावू. "मंग तुझ्यासाठी स्थळं बघाय मला बी सवड हुईल," असं म्हणून ते हात धुवायला उठले.

मला क्रम नीट कळला. आधी शेड जाणार, मग मी.

मशीन ज्यांच्याकडून घेतली त्यांनी माणूस आठ दिवसांनी येईल म्हणून सांगितलं. माझ्याकडे आठ दिवस नव्हते. पाला तोडायला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली आणि काटेवाडी गाठली. निळा शर्ट, जड पिशवी, काट्याचं मीटर, यावर माणूस शोधायचा कसा? पण मीटर बघून मला वाटलं होतं की हा दुधाच्या थंड टाक्यांचं काम करत असणार. दूध संकलन केंद्रावर विचारलं, तर तिथल्या बाईंनी हातातलं माप न थांबवता टाकीच्या मागं बोट दाखवलं.

तो टाकीखाली उताणा पडला होता. मला आधी त्याचे पायच दिसले.

"टकटक आला," मी त्या पायांना सांगितलं.

पाय हलले. "बंद केली?"

"तवाच."

तो बाहेर सरकला, माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला, आणि म्हणाला, "मंग वाचली. चला." त्याचं नाव मानसिंग. आजोबांचं नाव ठेवलंय, हे त्यानं न विचारता सांगितलं, कारण म्हणे ऐकणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो.

आमच्या शेडमध्ये येऊन तो वाळवणखोलीत शिरला. जाळीसमोर उभा राहिला. तिच्यावरून बोट फिरवलं. मग मान न वळवता विचारलं, "ह्या जाळीमागं गाळणी असती. कुठाय?"

मी बाजूला सरकले. गाळणी माझ्या डोक्यामागंच, खिळ्याला टांगलेली होती.

त्याचं असं झालं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन पुजतात. मीही हौसेनं गाळणी काढून धुतली आणि उन्हात वाळत घातली. तेवढ्यात आत्यानं मशीनला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार नेमका त्या जाळीला अडकवला; तिच्या मते मशीनचं तोंड तेच. हार काढल्याशिवाय गाळणी बसेना, आणि हार काढू द्यायला आत्या तयार नाही. पूजेचा हार काढला की तो वाहत्या पाण्यातच सोडायचा, असा तिचा नेम. कालवा तर कोरडा. पाणी दोन दिवसांत सुटेल म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं, दोन दिवसांनी काय बिघडतंय? दोन दिवसांचा महिना झाला. हार त्या गरम हवेत कडकडीत वाळला, आणि गाळणी खिळ्याला लटकलेली आहे हे मी स्वतःशीसुद्धा बोलायचं टाळत राहिले. आता जाळीवर नुसता दोरा उरला होता.

"पाकळ्या?" त्यानं विचारलं.

"...आत गेल्या असतील."

तो हसेल असं मला वाटलं. हसला असता तर मी नक्की भांडले असते. पण त्यानं पत्रा उघडला, आत बॅटरी मारली, आणि नुसतं "बघा" म्हणाला. थंड नळ्यांच्या बारीक पात्यांमध्ये केशरी पाकळ्या खचून बसल्या होत्या, वर पाल्याचा भुगा, आणि त्यावर रात्रभरात पुरता न वितळलेला बर्फ.

हवाच जात नव्हती, त्यानं समजावलं. हवा नाही म्हणून नळ्या गोठल्या, गोठल्या म्हणून पाणी पडेना, पाणी निघेना म्हणून पाला तासन्‌तास दमट राहून काळवंडला. अजून दोन दिवस रेटलं असतं तर आतला कॉम्प्रेसर बसला असता, आणि मग कुणाच्या बापाला दुरुस्त झाला नसता.

उरलेला बर्फ आपोआप वितळू दिला. दुपारभर टपटप चालू होतं. मग मानसिंग मऊ ब्रश आणि एक बारीक दातांची फणी घेऊन बसला. ती फणी बघून दारातून आत्या म्हणाली, "आता काय मशीनची येणी घालतूस व्हय रं?"

"गुंता झालाय आत्या. सोडवाय लागंल," तो म्हणाला.

वाकलेलं एकेक पातं तो फणीनं सरळ करत होता, इतक्या हलक्या हातानं की मी पाला निवडायचं सोडून तेच बघत बसले. आणि मग मी एक पाहिलं. निघालेल्या पाकळ्या तो झटकून टाकत नव्हता. मांडीवर स्वच्छ रुमाल पसरला होता, त्यावर ठेवत होता. ओल्या भुग्यात लडबडलेली, काळी पडलेली पाकळीसुद्धा.

सगळ्या निघाल्या तेव्हा त्यानं रुमालाची गाठ मारली आणि आत्यापुढं धरली. "आत्या, ह्ये तुमचं निर्माल्य. कालव्याला पाणी आलं की सोडू. तवर हितं ठेवतो." गाळणी जाळीमागं बसवली आणि रिकाम्या खिळ्याला रुमाल टांगला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पाणी आलं की सांगा. मी येतो सोडाय."

आत्यानं चहा ठेवला. त्यात साखर तिनं दुप्पट घातली. आणि मी... मला त्या क्षणी तो आवडला. उगाच नंतर, हळूहळू वगैरे सांगत नाही. रुमालाची गाठ मारताना आवडला.

त्यानंतर तीन दिवस तो कामावरून जाता-येता थांबायचा आणि मला शिकवायचा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना आवाज ऐकायचा, कारण थंड मशीन खोटं बोलत नाही. तांब्याच्या दोन नळ्यांतली बारीक नळी कोमट आणि जाड नळी माठासारखी गार लागली पाहिजे. जाड नळीवर पांढरं दिसलं की त्याच दिवशी गाळणी बघायची. उगाच सारखी बंद-चालू होऊ लागली तर वाट बघायची नाही. आणि सगळ्यांत आधी बादली. "बादली सगळ्यात आदी सांगती," तो म्हणाला. "तुमच्या आत्यांला तुमच्याआदी कळलं हुतं. तुळशीला पाणी पुरंना म्हणाल्या, त्येच की."

नळी दाखवताना त्याची बोटं माझ्या बोटांशेजारी टेकली. नळी गार होती. त्यानं हात लगेच काढला नाही, मीही नाही. मग आत्या खोकली.

तिसऱ्या लॉटचा पाला आत गेला त्या दिवसापासून संध्याकाळी सातला फोन सुरू झाला. कामाचाच फोन, दुसरं काय!

"किती?"

"सहा तास. दोन बादल्या, वर तांब्याभर."

"आवाज?"

"न्हाय."

"बरं..." मग त्याच्याकडून दुधाच्या टाकीची घरघर, माझ्याकडून रातकिड्यांची किरकिर. "जेवलात?"

"सात वाजता कोण जेवतं?"

"न्हाय, आपलं इचारलं."

पाला हिरवागार निघाला. हातात घेतला की कुरकुरायचा आणि शेडभर कोवळा वास दरवळायचा. मी स्वतः बारामतीला जाऊन लॉट दिला. चार दिवसांनी कळलं, पास झाला. आता दर महिन्याला पाठवा म्हणाले. आबांनी पाकीट उघडून पाला नाकाला लावला, पुन्हा पाहिला, आणि ट्रॅक्टरसाठी अंगणात वेगळा पत्रा टाकायचं ठरवलं. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

मी लगेच मानसिंगला फोन लावला. तो इतका खूश झाला की दोनदा "खरंच?" म्हणाला. मग थांबला. "म्हंजी आता तुमाला माझी गरज न्हाय," तो म्हणाला.

याला उत्तर काय द्यायचं असतं, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी म्हटलं, "न्हाय. आता मला सगळं कळतं."

"...बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. सव्वासात झाले. फोन नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी करायचा तर कशासाठी करू? मशीन सहा तासांत दोन बादल्या देत होती, जाड नळी गार, बारीक कोमट, आवाज स्वच्छ. मेलं एक लक्षण बिघडेल तर शपथ. एका संध्याकाळी तर मी गाळणीकडे बघत उभी राहिले आणि मनात असा विचार आला, की तो लिहायची लाज वाटते.

आठव्या दिवशी आत्यानं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. दोन तास झाले तरी मी एक पाटी पाला निवडला नव्हता.

"मशीनचं तुला लगीच कळतंय," ती म्हणाली. "सवताचं कवा कळायचं? येळ जास्त लागाय लागलाय तुला समद्याला. जेवाय, बोलाय, हसाय बी. फोन कर त्येला."

"काय सांगू?"

"मला काय इचारतीस? मी काय शिकलीया व्हय?"

तरी मी केला नाही. भीती खरी होती आणि ती आत्याला सांगण्यासारखी नव्हती. शेड आत्ता कुठं माझी झाली होती. माणूस आवडला, गोष्ट पुढं गेली, की पुढच्या सगळ्या गोष्टी ठरलेल्या. बिऱ्हाड तिकडे, मशीन इकडे, आणि सणाला माहेरी आल्यावर पत्र्याला कान लावून बघायचं. मला मानसिंग हवा होता. शेडही हवी होती. यातलं एक सोडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण मी ऐकून बसले होते.

दोन दिवसांनी दुपारी आबा रानातून आले आणि पाय धुता धुता म्हणाले, की कालव्याला पाणी सुटलं, सकाळीच काटेवाडीच्या पुढं आलं होतं, दिवस मावळायच्या आत इथं येतंय.

पाणी आलं की सांगा, तो म्हणाला होता. हे तर सांगायलाच हवं होतं, यात माझा काय संबंध! मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग मी खिळ्यावरचा रुमाल काढला आणि कालव्याकडे निघाले. डोळ्यांत पाणी होतं. रागाचं होतं असं मी चालताना ठरवलं.

कालव्याच्या भरावावर एक मोटारसायकल उभी होती. शेजारी मानसिंग, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला. आणि खाली कोरड्या तळावरून पाण्याची पहिली जीभ येत होती, पुढं वाळलेला पाला, काटक्या, फेस ढकलत. फार वेग नव्हता. माणूस चालतो तसं येत होतं.

"फोन का उचलला न्हाय?" मी विचारलं.

"गाडी चालवत हुतो. मग... भ्यालो. म्हटलं, मशीन बिघडली म्हणून आला आसंल तर?"

"मशीन चांगली हाय."

"मला ठावं हाय. मीच नीट केलीय न्हवं." त्यानं पाण्याकडे बोट केलं. "सकाळी आमच्याकडं आलं. म्हटलं, तुमच्याकडं जायचंच हाय, तर ह्येच्याबरोबरच जावं. लई सावकाश येतंय हो. चारदा थांबून वाट बघितली."

दिवसभर हा माणूस पाण्याबरोबर भरावावरून आला होता. मी रुमाल घट्ट धरला. गाठ सुटेना, तर त्यानं सोडवली. आम्ही दोघं खाली उतरलो आणि पाकळ्या सोडल्या. काळ्या पडलेल्या त्या चिमूटभर पाकळ्या पाण्यावर पडल्या, भिजल्या, आणि त्यातल्या काही चक्क पुन्हा केशरी झाल्या.

त्यानं खिशातून एक लोखंडी आकडा काढला. घासून चकचकीत केलेला. "ह्यो दाराच्या चौकटीला ठोका. जाळीला न्हाय. पुढच्या खंडेनवमीला हार हितं घालायचा."

"ठोकीन."

"मी ठोकला तर?" तो आकड्याकडेच बघत होता. "राजेश्वरी, तुमाला आता सगळं कळतं, त्ये मला म्हाईत हाय. तरीबी मला रोज यायचंय. मला तुमी आवडता. एसटीत माझ्यावर डाफरलात, तवाधरनं."

मी त्याच्या हातातून आकडा घेतला. पण जे मनात होतं ते आधी बोलायला हवं होतं. टकटक येईपर्यंत थांबायचं नाही, एवढं तर मी शिकले होते.

"मी शेड सोडणार न्हाय," मी म्हटलं. "कुणासाठीबी न्हाय. तुमच्यासाठीबी न्हाय."

"सोडा म्हणून मी कुठं म्हणतोय? दुधाच्या टाक्या काय, अंथुर्ण्यात बी हायेत की. मी येतो हिकडं." मग थोडा थांबून, "तुमी फकस्त बादली भरली का, त्ये मला रोज सांगायचं."

मला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम करताना मी चांगली दिसत नाही. त्यानं रुमाल झटकून पुढं केला. झेंडूचा वास अजून त्यात होता.

"मलाबी आवडता," मी म्हटलं. "लई. कवाधरनं."

पाणी आता पायांना भिडू लागलं होतं आणि आम्ही अजून खालीच उभे होतो, त्याचा बूट भिजेपर्यंत. त्यानं हात दिला, मी वर आले, आणि तो हात मी सोडला नाही. आकडा माझ्या दुसऱ्या मुठीत होता.

"उद्या सकाळी या," मी म्हटलं. "हातोडी घेऊन. आठपर्यंत आबा घरीच असत्यात."